आपला कोणाला म्हणावें ?

शिवडीचें नांव निघालें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें गोदी, कापसाचीं गुदामें, खाडीचा चिखल आणि हिंवाळ्यांत त्या चिखलावर उतरणारे गुलाबी रोहित पक्षी उभे राहतात. २०२४ सालापासून त्यांत न्हावाशेव्याकडे जाणाऱ्या सागरी पुलाची भर पडली आहे. परंतु ह्याच शिवडींत १८६५ सालीं स्थापन झालेली एक ख्रिस्ती दफनभूमि आहे, आणि तेथें फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स नांवाचा एक इंग्रज शिल्पशास्त्रज्ञ १९०० सालापासून विसावला आहे. विलायतेंतील बाथ गांवीं तो जन्मला. मुंबईस त्यानें बोरीबंदरचें स्थानक दिलें. १८७८ सालीं सुरू झालेलें तें काम पुरें होण्यास दहा वर्षें लागलीं. त्या वास्तूला आज छत्रपति शिवाजी महाराजांचें नांव आहे, आणि मुंबईचें चित्र काढावयास बसलेलें मूल प्रथम तिचाच घुमट काढतें. स्टीव्हन्स आपला कीं परका, असा प्रश्न मुंबईंत कोणी विचारीत नाहीं. ज्या मातीवर त्याचें काम उभें राहिलें, त्या मातीनें त्याला आपल्यांत घेतलें.

ह्याच्या अगदीं उलट दिशेनें प्रवास केलेला एक मनुष्य आहे. जन्मानें पारशी, जन्मस्थान आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील झांझिबार बेट, शालेय शिक्षण आपल्या सातारा जिल्ह्यांतील पांचगणीस, कीर्ति विलायतेंत, आणि १९९१ सालीं अग्निसंस्कारही लंडन शहरींच. घरचें नांव फारोख बलसारा. जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखतें, आणि ‘क्वीन’ नांवाच्या चौघांच्या गायकवादक मंडळीचा तो प्रमुख गायक. हा मनुष्य कोणाचा, ह्याविषयीं मात्र हल्लीं पुष्कळ हक्कदार पुढें येतात. आणि त्या रांगेंत आपण महाराष्ट्रीयही मागें नाहीं.

हा विषय आज हातीं घेण्याचें निमित्त एका वाचकभगिनींचें पत्र. त्यांचें कुटुंब एकत्र. सासूसासरे, दोन दीर, जावा आणि मुलें मिळून घरांत अकरा माणसें. थोरला मुलगा अकरावींत, शास्त्रशाखेला आहे. ‘क्वीन’वर २०१८ सालीं निघालेला चित्रपट त्यानें पाहिला आणि तेव्हांपासून गिटारीचें वेड घेतलें. आजोबा म्हणतात, ह्या आरडाओरडीला संगीत म्हणूं नये. काका म्हणतात, बारावी होईपर्यंत तें लाकूड माळ्यावर टाकावें. मुलगा उत्तर देतो कीं, तो मनुष्य आपल्या पांचगणीलाच शिकला, मग मींच काय गुन्हा केला? भगिनींचे प्रश्न दोन आहेत. हें संगीत आहे तरी कसलें, आणि मुलाला अडवावें कीं मोकळें सोडावें? दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकाच कथेंत सांपडेल असें आम्हांस वाटतें. म्हणून ती थोडी सविस्तर सांगतों.

प्रथम आजोबांचा आक्षेप. विजेच्या साहाय्यानें आवाज वाढविलेलीं गिटारें, छातींत धडकणारा ताल आणि तीन मिनिटांत आटपणारें गाणें म्हणजे रॉक, एवढीच ज्याची समजूत आहे त्याला हा आक्षेप सुचणें स्वाभाविक आहे. परंतु १९६५ नंतरच्या चार-पांच वर्षांत विलायतेंतील कांहीं तरुणांनाच हा सांचा अपुरा वाटूं लागला. ‘मूडी ब्लूज’ ह्या मंडळीनें १९६७ सालीं आपल्या गाण्यांना पूर्ण वाद्यवृंदाची जोड दिली. ‘किंग क्रिमसन’, ‘येस’, ‘जेनेसिस’ ह्या मंडळ्यांनीं पंधरा-वीस मिनिटें चालणाऱ्या, अनेक भागांच्या रचना केल्या. ‘एमर्सन, लेक अँड पामर’ ह्या त्रयीनें तर मुसोर्ग्स्की ह्या रशियन संगीतकारानें पियानोसाठीं लिहिलेली प्रसिद्ध चित्रमालिका १९७१ सालीं विजेच्या वाद्यांवर वाजवून दाखविली. युरोपच्या अभिजात संगीताचें ऋण उघडपणें मान्य करणाऱ्या ह्या पंथाला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ असें नांव पडलें. ‘क्वीन’ची स्थापना १९७० ची. ह्या पंथाची ती एकनिष्ठ अनुयायी कधींच नव्हती. परंतु तिचे पहिले चार ध्वनिमुद्रित संग्रह ह्याच हवेंत वाढले.

लोकप्रिय गाण्यानें शास्त्रीय संगीताच्या दारीं जावें ह्यांत आपल्याला नवल वाटण्याचें कारण नाहीं. १९१६ सालीं ‘स्वयंवर’ नाटकासाठीं भास्करबुवा बखले यांनीं ख्यालाच्या बंदिशी रंगभूमीवर आणल्या. तेव्हांही, बैठकीचें गाणें नाटकांत नेऊन बाटविलें, असें म्हणत नाकें मुरडणारे होतेच. ज्या घरांत आज नाट्यगीत हेंच जुनें सोनें मानलें जातें, त्या घरांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, आजचें सोनें हें एके काळीं कोणाच्या तरी मतें पितळ होतें.

आतां ‘क्वीन’चें वैशिष्ट्य. आपलें संगीत एका सुराच्या वाटेनें चालतें. त्या वाटेवरचीं वळणें, थांबे आणि लपंडाव हेंच त्याचें वैभव. युरोपीय अभिजात संगीतांत एकाच क्षणीं निरनिराळे स्वर एकमेकांच्या आधारानें उभे राहतात. त्याला आपण स्वरमेळ म्हणूं. हा स्वरमेळ उभारण्यास एरवीं मोठें गायनवृंद लागतें. ‘क्वीन’मधील चौघांपैकीं तिघे चांगले गात : फ्रेडी, गिटारवादक ब्रायन मे आणि तालवाद्यें वाजविणारा रॉजर टेलर. ते तिघे तेच स्वर पुन्हां पुन्हां गाऊन ध्वनिफितीवर थरावर थर चढवीत, आणि तीन गळ्यांचा शंभर माणसांचा समुदाय करीत. ब्रायन मे आपल्या गिटारीचाही असाच मेळ बांधी. हे आवाज कृत्रिम यंत्रांतून काढलेले नाहींत, असा खुलासा त्यांच्या आरंभीच्या तबकड्यांच्या वेष्टनांवर छापलेला असे.

ह्या पद्धतीचा कळस म्हणजे १९७५ च्या ‘ए नाइट अ‍ॅट दि ऑपेरा’ ह्या संग्रहांतील ‘बोहेमियन रॅप्सडी’. फ्रेडीनें रचलेल्या ह्या गाण्याला ध्रुवपद नाहीं. आरंभीं केवळ गळ्यांचा स्वरमेळ. मग पियानोच्या साथीनें, अपराधी मुलानें आईपाशीं बोलावें तसें संथ गाणें. त्यानंतर गिटारीचा आलाप. मग एकदम ऑपेरा, म्हणजे युरोपीय संगीतनाटक, आणि त्यांत चढाओढीनें एकमेकांना उत्तरें देणारे समुदाय. पुढें रॉकचा दणदणाट. आणि शेवटीं पुन्हां पहिली शांतता. आपल्याकडील बैठकींत विलंबितापासून तराण्यापर्यंत चढत जाऊन भैरवीनें उतरावें, तसा हा प्रवास. फक्त तो सहा मिनिटांच्या आंत बसविलेला आहे. २४ ऑगस्ट १९७५ रोजीं वेल्समधील रॉकफील्ड येथें मुद्रणास आरंभ झाला. ऑपेराच्या भागालाच तीन आठवडे लागले. त्या काळच्या यंत्रावर एका वेळीं चोवीसच आवाज निरनिराळे ठेवतां येत. त्यामुळें जुने थर एकत्र करून त्यांवर नवे चढवावे लागत. असे सुमारें एकशेंऐशीं थर चढले, आणि फीत इतकी झिजली कीं, उजेडापुढें धरली असतां तिच्यांतून आरपार दिसूं लागलें. ५ मिनिटें ५५ सेकंदांचें हें गाणें रेडिओवर कोणी लावणार नाहीं, असें कंपनीच्या जाणत्यांचें मत होतें. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजीं तें बाहेर पडलें आणि विलायतेंत सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलें.

तेव्हां आजोबांस आमचें विनयपूर्वक सांगणें एवढेंच : हें संगीत आवडावें असा आग्रह नाहीं, परंतु आरडाओरडीसाठीं कोणी एवढी मेहनत घेत नाहीं.

ह्या मेहनतीचें बीज कोठें पडलें हें पाहण्यासाठीं आतां मागें गेलें पाहिजे. ५ सप्टेंबर १९४६ रोजीं झांझिबार येथें फारोखचा जन्म झाला. वडील बोमी बलसारा हे तेथील इंग्रज सरकारच्या नोकरींत रोखपाल होते. त्यांचें आडनांव गुजराथेंतील बलसार गांवावरून पडलेलें. मुलाला आठव्या वर्षीं समुद्रापलीकडे पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत वसतिगृहांत ठेवण्यांत आलें. आठ वर्षांचें पोर आईपासून इतकें दूर पाठवितांना त्या घरीं काय झालें असेल, हें आमच्या वाचकभगिनींस सांगण्याची आवश्यकता नाहीं. सुटींत तो मुंबईस आजीकडे व इतर आप्तांकडे येई.

पांचगणींत ह्या मुलाची एक गोष्ट शिक्षकांच्या ध्यानांत आली. रेडिओवर एकदां ऐकलेलें गाणें तो पियानोवर बसून तसेंच्या तसें वाजवी. मुख्याध्यापकांनीं त्याच्या आईबापांस पत्र लिहिलें कीं, थोडी अधिक फी भरल्यास मुलाला पियानोचें रीतसर शिक्षण देतां येईल. रोखपालाच्या पगारांत ही अधिक फी बसविणें कांहीं थट्टेची गोष्ट नव्हती. तरी आईबापांनीं ती भरली. मुलगा पियानोच्या चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा उत्तीर्ण झाला, शाळेच्या गायनवृंदांत गाऊं लागला, आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास चार मित्रांसह ‘दि हेक्टिक्स’ नांवाची मंडळी काढून शाळेच्या समारंभांत पियानो बडवूं लागला. फारोखचा ‘फ्रेडी’ झाला तो ह्याच शाळेंत.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें मान्य केली पाहिजे. पारशी समाजाचा आणि आपल्या संगीताचा संबंध जुना आहे. १८७० सालीं मुंबईंत पारशी गृहस्थांनीं काढलेल्या गायनोत्तेजक मंडळींतच पुढें विद्यार्थिदशेंत असलेले पंडित भातखंडे दाखल झाले. परंतु फ्रेडी त्या परंपरेंतला नव्हे. पांचगणींत तो ऐकत होता तें विलायती आणि अमेरिकन लोकप्रिय गाणें. हेक्टिक्समधील त्याच्या सोबत्यानेंही पुढें तसेंच सांगितलें आहे. आपला ख्याल, आपली लावणी, आपलें भजन ह्यांपैकीं कशाचेंही ऋण त्याच्या गाण्यांत आम्हांस आढळत नाहीं. तेव्हां ‘महाराष्ट्राच्या संगीतानें त्याला घडविलें’ असें कोणी म्हणूं लागल्यास तें खोटें आहे. महाराष्ट्रांतल्या एका शाळेनें त्याच्यासाठीं जें केलें तें ह्याहून लहान आणि आमच्या मतें ह्याहून मोठें आहे : मुलाच्या बोटांत कांहीं आहे हें ओळखलें, आणि घरीं पत्र लिहिलें.

१९६३ सालीं तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षीं जानेवारींत तेथें राज्यक्रांति झाली, आणि बलसारा कुटुंब जीव घेऊन इंग्लंडला गेलें. लंडनजवळच्या फेल्टम गांवीं त्यांनीं नवा संसार मांडला. मुलगा ईलिंगच्या कलाशाळेंत गेला. १९६९ सालीं त्यानें चित्ररचनेची पदविका घेतली. १९७० सालीं ब्रायन मे व रॉजर टेलर ह्यांच्याशीं जोडी जमून ‘क्वीन’ उभी राहिली. मर्क्युरी हें आडनांवही त्याच सुमारास त्यानें घेतलें. १९७१ सालीं जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली. मंडळीचें राजचिन्ह फ्रेडीनें स्वतःच काढलें. त्यांत चौघांच्या राशींचीं चिन्हें आहेत.

पुढची हकीकत सर्वांस ठाऊक असल्यामुळें थोडक्यांत सांगतों. १९७३ सालीं पहिला संग्रह निघाला. १९७५ च्या यशानें मंडळी जगभर पोंचली. त्यानंतर लांबलचक रचना मागें पडल्या आणि सुटसुटीत गाणीं आलीं. पैकीं १९७७ चें ‘वी विल रॉक यू’ आमच्या दृष्टीनें विशेष. त्याच्या सांगाड्यांत वाद्य जवळजवळ नाहींच : दोन वेळां पाय आपटावयाचा, एकदां टाळी द्यावयाची. श्रोत्यांनीं नुसतें ऐकूं नये, सामील व्हावें, म्हणून ब्रायन मे ह्यानें तें रचलें. १३ जुलै १९८५ रोजीं, इथिओपियांतील दुष्काळपीडितांच्या साहाय्यार्थ वेम्ब्ली येथें झालेल्या मेळाव्यांत ‘क्वीन’ला वीस मिनिटांच्या आसपास वेळ मिळाला. त्यांत फ्रेडी एक स्वर टाकी आणि बहात्तर हजार लोक तोच स्वर परत देत. शिवडी-परळच्या चाळींत ज्यानें गजर ऐकला आहे, बुवांनीं चरण टाकला आणि साऱ्या मंडपानें उचलला हें ज्यानें अनुभवलें आहे, त्याला ह्या दृश्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. भाषा निराळी, भाव निराळा. पण गाणारा आणि ऐकणारा ह्यांमधील भिंत पाडण्याची ही युक्ति आपल्या ओळखीची आहे. १९८६ सालीं बुडापेस्ट येथें त्यानें हंगेरियन लोकांचें एक लोकगीत त्यांच्याच भाषेंत गाऊन दाखविलें. शब्द तळहातावर लिहून घेतले होते. परक्याच्या घरीं जाऊन त्याची ओवी म्हणण्याची ही नम्रता आम्हांस फार आवडते. आणि १९८७-८८ मध्यें स्पेनची थोर ऑपेरागायिका मोन्सेरात काबाये हिच्यासह त्यानें ‘बार्सेलोना’ हा संग्रह केला. लोकप्रिय गाण्याकडून अभिजात संगीताकडे निघालेला त्याचा प्रवास तेथें पोंचला.

आतां काकांचा मुद्दा. विद्या कीं गिटार, असा प्रश्न ह्या चौघांच्या घरींही उभा राहिला होता. पैकीं ब्रायन मेच्या घरची गोष्ट प्रत्येक वडीलधाऱ्यानें ऐकण्यासारखी आहे. त्याला चांगली गिटार हवी होती. घरची ऐपत नव्हती. त्याचे वडील हॅरल्ड हे विद्युत्-उपकरणांचे जाणकार. १९६३ सालीं बापलेकांनीं मिळून ती घरींच बनवावयास घेतली. मानेसाठीं एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचें लाकूड, कमानींसाठीं जुन्या मोटरसायकलच्या स्प्रिंगा, आणि पट्टीवरील खुणांसाठीं आईच्या शिवणाच्या डब्यांतील शिंपल्याच्या गुंड्या. सुमारें दोन वर्षें हें काम चाललें. ह्याच गिटारीवर ब्रायननें ‘क्वीन’चीं सारीं वर्षें काढलीं, २००२ सालीं राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवांत बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर तो उभा राहिला तो हिलाच घेऊन.

परंतु ह्याच वडिलांना, मुलगा इंपीरिअल कॉलेजांतील खगोलशास्त्राचें संशोधन अर्धवट टाकून गाण्याच्या मागें गेला, तेव्हां अतोनात दुःख झालें. ज्या हातांनीं गिटार घडविली त्याच हातांना ती डोळ्यांपुढें नकोशी झाली. पुढें ब्रायननें त्यांना न्यू यॉर्कला नेऊन, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील भरलेल्या सभागृहांत आपला कार्यक्रम दाखविला. तेव्हां कोठें त्यांच्या मनांतील गांठ सुटली. आणि गंमत अशी कीं, तें सोडलेलें संशोधनही ब्रायननें तीस वर्षांहून अधिक काळानें पुन्हां हातीं घेतलें, आणि सूर्यमालेंतील धूलिकणांवर प्रबंध लिहून २००७ सालीं डॉक्टरेट मिळविली. जॉन डीकन विद्युच्छास्त्रांत पहिल्या वर्गांत पदवीधर झालेला. रॉजर टेलर दंतवैद्यकीच्या शिक्षणासाठीं लंडनला आला. तें सोडलें, पण जीवशास्त्राची पदवी घेतली. चौघांपैकीं एकही अशिक्षित राहिला नाहीं, ही गोष्ट काकांनीं ध्यानांत घ्यावी, आणि त्याहून अधिक त्या अकरावीच्या मुलानें घ्यावी. पांचगणीचें नांव पुढें करून अभ्यास टाळणाऱ्यास ह्या कथेंत आधार नाहीं.

कौतुकाबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. १९८४ सालीं, वर्णभेदामुळें जगानें दक्षिण आफ्रिकेशीं सांस्कृतिक असहकार पुकारला असतां, ‘क्वीन’नें सन सिटी येथें जाऊन कार्यक्रम केले. वर्णद्वेष्ट्या सत्तेच्या छत्राखालील त्या ठिकाणीं जाणें कोणासही शोभलें नसतें. झांझिबारच्या पारशी घरांतील मुलास तर नाहींच. त्याबद्दल मंडळीस दोष आणि दंड दोन्ही मिळाले, आणि तें योग्यच झालें.

ह्यानंतरचा भाग कुटुंबांत वाचावयाच्या मासिकांत लिहावा कीं नाहीं, असा विचार आमच्या मनांत आला. परंतु तो गाळल्यास ‘आपला’ ह्या शब्दाला अर्थच उरत नाहीं. फ्रेडीचें प्रेम स्त्रीवरही जडलें आणि पुरुषांवरही. अखेरचीं वर्षें एका पुरुष साथीदाराच्या सोबतींत गेलीं. आणि ज्या स्त्रीशीं त्याचें तरुणपणीं प्रेम होतें, तिच्यावरचा विश्वास इतका अभंग राहिला कीं, संपत्तीचा मोठा वांटा त्यानें तिच्या नांवें ठेवला. त्याला एड्सचा रोग जडला. वर्तमानपत्रें दाराशीं पहारा देत असतां त्यानें तो लपवून ठेवला, गातां येत होतें तोंवर तो गात राहिला, २३ नोव्हेंबर १९९१ रोजीं निवेदन काढून रोग जाहीर केला, आणि दुसऱ्याच दिवशीं वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं देह ठेवला. अंत्यविधि पारशी धर्मगुरूंनीं केला. त्यानंतर ‘बोहेमियन रॅप्सडी’ पुन्हां प्रसिद्ध होऊन पुन्हां पहिल्या क्रमांकावर गेली; त्या वेळचें दहा लाख पौंडांहून अधिक उत्पन्न ह्या रोगाच्या पीडितांसाठीं झटणाऱ्या संस्थेस मिळालें.

रोग लपविण्याचें दुःख काय असतें हें शिवडीकरांस कोणी शिकवावयास नको. येथील क्षयरुग्णालयाच्या नांवानेंच एके काळीं लोकांचा आवाज खालीं येई. घरांत क्षयाचा रोगी असला तर तें शेजाऱ्यास कळूं नये, मुलींचीं लग्नें अडूं नयेत, म्हणून किती घरांनीं आपलें माणूस मागच्या खोलींत झांकून ठेवलें असेल! औषध निघालें, आणि लाजही हळूहळू ओसरली. एड्सवरही आज असे उपचार आहेत कीं, वेळींच घेतल्यास रोगी दीर्घायुषी होतो. लाज मात्र अजून पुरती गेलेली नाहीं. ज्या प्रेमाबद्दल फ्रेडीला उभा जन्म जपून बोलावें लागलें, तें आपल्या देशांतही ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें गुन्ह्यांतून मुक्त झालें. कायदा बदलला, घरचीं मनें बदलण्यास कांहीं अधिक वेळ लागेल. परंतु पांचगणीचा मुलगा म्हणून त्याचें छायाचित्र मिरवावयाचें, आणि तसाच मुलगा घरांत निघाला तर त्याला दार दाखवावयाचें, हा व्यवहार प्रामाणिक नव्हे. आपला म्हणावयाचें तर सगळाच्या सगळा म्हणावा.

म्हणून आमच्या मतें ‘आपला’ हा शब्द कीर्तीवर सांगावयाचा हक्क नसून आधीं पत्करावयाची जबाबदारी आहे. जगानें हार घातल्यावर गळा कोणाचा हें शोधणें सोपें आहे. मूल बारा वर्षांचें असतां, पियानो बडवून शेजाऱ्यांची झोंपमोड करीत असतां, त्याच्या बोटांत कांहीं आहे हें ओळखणें अवघड. तें पांचगणीच्या मुख्याध्यापकांनीं केलें, झांझिबारच्या रोखपालानें अधिक फी भरून केलें, आणि हॅरल्ड मे ह्यांनीं शेकोटीचें लाकूड तासून केलें. हक्क सांगावयाचा असेल तर तो त्यांनीं सांगावा.

आमच्या वाचकभगिनींस आमची सूचना सरळ आहे. मुलाला अडवूं नका आणि मोकाटही सोडूं नका. दिवसाचा एक तास गिटारीला नेमून द्या, आणि तो तास परीक्षेच्या दिवसांतही मोडूं नका. उरलेल्या वेळांतला अभ्यास त्यानेंही मोडूं नये. शिकवावयास चांगला शिक्षक पाहा. स्वरलेखन वाचावयास शिकवील असा पाहा, म्हणजे छंदाला शिस्त येईल. त्याला कीर्ति मिळेल कीं नाहीं ह्याचा हिशेब मांडूं नका. लाखांत एकाची मंडळी ‘क्वीन’ होते. परंतु सूर कळूं लागलेलें मूल कोणत्याही व्यवसायांत गेलें तरी घराला भारी पडत नाहीं. काकांनीं माळ्याची शिडी पुन्हां जागच्या जागीं ठेवावी.

राहतां राहिले आजोबा. त्यांनीं एके संध्याकाळीं नातवाशेजारीं बसून तीं सहा मिनिटें डोळे मिटून ऐकावीं. आणि त्याच संध्याकाळीं नातवानें आजोबांच्या संग्रहांतील ‘स्वयंवरा’चें एक पद, मध्यें न उठतां, शेवटपर्यंत ऐकावें. त्यानंतर ज्यानें त्यानें आपलें मत खुशाल कायम ठेवावें. त्या संध्याकाळची हकीकत भगिनींनीं आम्हांस अवश्य कळवावी. आजोबा आमच्यावर रागावले असतील तर तेंही.